एकशे सत्त्याण्णव दिवस

"अमेरिकेतली सगळ्यांत लांब नदी?" हृषीनं विचारलं.

"मिसुरी. तू रस्त्याकडे बघ."

"मिसिसिपीपण चालते. पण दोन्ही सांगू नकोस, मुलाखत घेणारा गोंधळेल."

"तो रोज दहा जणांना हेच विचारतो. तो कशाला गोंधळेल?"

"मग तू गोंधळशील."

ओमाहात आदल्या दुपारपासून बर्फ पडत होता. सकाळी सहाला शाळा बंद असल्याचा मेसेज आला. त्यामुळे माझ्या नागरिकत्वाच्या मुलाखतीला आम्ही दोघं, साडेचार वर्षांची साची, तिचा डबा, तिची रंगपेटी आणि माझी फाइल असे सगळे निघालो होतो. साची मागच्या सीटवरून विचारत होती की मुलाखतीत इंजेक्शन देतात का. मी नाही म्हटलं. पाच मिनिटांनी तिनं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा हृषी म्हणाला, "आईला देतात, तुला नाही," आणि ती रडायला लागली.

"काय गरज होती?" मी म्हणाले.

"गंमत केली गं."

सहा वर्षं होतील या गोष्टीला. तेव्हा मी हृषीवर सतत चिडलेली असायचे आणि तो सतत गंमत करत असायचा.

फाइल माझ्या मांडीवर होती. घराचा भाडेकरार, पाच वर्षांचे टॅक्सचे कागद, बँकेची स्टेटमेंट्स, मी ज्या दंतवैद्यांच्या दवाखान्यात बिलिंग करते तिथलं पत्र. आणि सगळ्यांत वर, हृषीनं पिवळी चिठ्ठी लावून ठेवलेलं, आईचं प्रतिज्ञापत्र. स्टॅम्पपेपरवर. मिरजेच्या नोटरीचा गोल शिक्का, मागे इंग्रजी भाषांतर, भाषांतरावर आणखी एक शिक्का. ही कल्पना हृषीची. "कागद पाहिजे," तो म्हणाला होता. "शिक्का दिसला की कुठल्याही देशातला सरकारी माणूस शांत होतो."

आता या कागदाची गरज का पडली ते सांगते.

इथलं नागरिकत्व मागायचं तर ग्रीन कार्डावर पाच वर्षं सलग राहावं लागतं. मध्ये सुट्टीला गेलात तर चालतं. पण एका दमात सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात, तर तुमचं वास्तव्य तुटलं असं ते धरून चालतात. तुटलं नाही, हे सिद्ध करायचं तुम्ही. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, यात आमच्याकडे कुणी चर्चासुद्धा केली नव्हती. सातव्यात गेले, साची मिरजेत झाली, बारसं झालं, आणि ती साडेतीन महिन्यांची झाल्यावर अठरा सप्टेंबरला परत यायचं तिकीट होतं. सहा महिन्यांच्या आत, हिशोबानं काढलेलं. पण पितृपक्ष लागला होता. तान्ह्या मुलीला घेऊन पितृपक्षात प्रवास नको, म्हणून तिकीट पुढे गेलं. मग नवरात्र, मग दसरा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी विमानात बसले. एकूण एकशे सत्त्याण्णव दिवस.

आईनं अडवलं, अशी ही गोष्ट आमच्या दोन्ही घरांत सांगितली जायची. हृषी मित्रांना हसतहसत सांगायचा, "माझ्या सासूबाईंनी पंचांग बघून इमिग्रेशनचा कायदा मोडला." बार्शीला माझ्या सासूबाई जरा कमी हसत सांगायच्या.

हे सगळं घाईघाईनं करायचं कारणही आईच. आदल्या उन्हाळ्यात तिला पार्किन्सन्सचं निदान झालं. बाबा नाहीत, मी एकुलती एक. डॉक्टर म्हणाले, औषधाचं प्रमाण बसायला वेळ लागतो, वर्षभर कुणीतरी जवळ हवं. ग्रीन कार्डावर वर्षभर जाऊन राहिले असते तर माझी पाच वर्षं पुन्हा शून्यापासून सुरू झाली असती. साचीचीही गाठ माझ्याशीच होती, ती मिरजेत जन्मलेली, मी नागरिक झाले की तीही आपोआप होणार होती. हृषीनं स्वतःचा अर्ज केला नव्हता. "दोघांनी एकदम कशाला? बघू," एवढंच त्याचं उत्तर. खरं कारण म्हणजे भारताचा निळा पासपोर्ट सोडायला त्याचं मन होत नव्हतं. भारतात निवांत राहता यावं म्हणून भारताचं नागरिकत्व सोडायला मी निघाले होते. मी हे आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "हे असलं कुणी ठरवलं?"

आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला होता.

"कागद ठेवलास ना फाइलमध्ये?"

"ठेवला."

"विचारलं तर सरळ सांगायचं, आई ऐकेना. जुन्या वळणाची बाई आहे म्हणावं. माझ्यावर ढकल सगळं."

"आई, पुरे आता."

"पुरे काय? दोनदा जिना चढले त्या नोटरीचा. पहिल्या वेळी जेवायला गेला होता मेला."

"तुला कुणी सांगितलं होतं दोनदा चढायला? त्याला खाली बोलवायचं."

"हृषीकेशराव म्हणाले लवकर पाठवा. आणि चिडतेस काय माझ्यावर? उद्या त्या साहेबासमोर अशी चिडू नकोस."

मी ठेवते म्हणून फोन ठेवला.

कार्यालयाच्या दारात सुरक्षारक्षकानं साचीचा डबा उघडून पाहिला, आतल्या दहीभाताकडे बघून घट्ट झाकण लावलं. वेटिंग हॉलमध्ये साठएक माणसं बसली होती. कुणी पुटपुटत प्रश्नोत्तरं पाठ करत होतं. आमची वेळ पावणेदहाची होती. साडेअकरा वाजले तरी नाव पुकारलं नव्हतं. साचीला दोनदा शू लागली. हृषीनं शेजारच्या सोमाली गृहस्थांशी ओळख काढली आणि त्यांना टायर कुठले चांगले ते सांगत बसला.

"तू जरा शांत बसशील?" मी म्हणाले.

"तू टेन्शन घेऊ नकोस. सहा महिने काय, साडेसहा काय. बाळंतपण होतं. माणसं आहेत तीपण."

"मग नियम कशाला केलाय त्यांनी?"

"सुखदा, कागद वर ठेवलाय ना? पहिला तोच दे."

तेवढ्यात दार उघडलं आणि एका बाईंनी माझं नाव पुकारलं, बरंचसं बरोबर.

त्यांचं नाव लिंडक्विस्ट. साठीच्या आतबाहेर, केस आखूड, टेबलावर एक सुकत चाललेलं रोप. त्यांनी मला उजवा हात वर करायला सांगितला. जे सांगेन ते खरं सांगेन, अशी शपथ झाली. मग नद्या, घटना, सिनेट. सहा प्रश्न बरोबर आल्यावर थांबवतात, माझे पहिले सहाच्या सहा बरोबर आले. एक वाक्य वाचलं, एक लिहिलं. मग अर्जातले प्रश्न सुरू झाले. मी कधी कम्युनिस्ट पक्षात होते का? नाही. नरसंहारात भाग घेतला? नाही. अट्टल दारूबाज आहे का? नाही. कुणाचा छळ केलाय? नाही म्हणताना हृषी काय म्हणाला असता ते डोक्यात येऊन गेलं.

"प्रवास," लिंडक्विस्टबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा वर केला. "हा एक लांबचा दिसतो. एकशे सत्त्याण्णव दिवस."

"हो. मुलगी झाली तेव्हा."

"अभिनंदन. त्या काळात तुमचं इथलं घर?"

मी भाडेकरार दिला. नवरा इथेच होता, त्याचे पगाराचे कागद दिले. त्या एकेक बघून बाजूला ठेवत होत्या. माझी बोटं पिवळ्या चिठ्ठीवर होती.

"परतीचं तिकीट आधी काढलेलं होतं?"

"अठरा सप्टेंबरचं."

"मग नऊ ऑक्टोबर कसं झालं?"

मी प्रतिज्ञापत्र फाइलमधून बाहेर काढलं. मजकूर मला पाठ होता, मसुदा हृषीनं केला होता. 'मी, नलिनी श्रीधर पोतदार, वय अडुसष्ट, शपथेवर लिहून देते की, आमच्या रूढीप्रमाणे पितृपक्षात प्रवास वर्ज्य असल्याने मी माझ्या मुलीस परत जाण्यास मनाई केली.' मजकुराच्या खाली सही.

आई तीस वर्षं टपाल खात्यात काउंटरवर होती. तिची सही म्हणजे एक झटका असायचा, बचतीच्या पुस्तकांवर दिवसाला दोनशे वेळा केलेला. इथे 'नलिनी'तला न कागदावर तीन वेळा टेकवून काढलेला होता. लिनीपर्यंत येताना रेघ खाली घसरली होती. पोतदार तर पेन दोन्ही हातांनी धरून लिहिल्यासारखं होतं. सही करताना तिला किती वेळ लागला असेल, मागे रांगेतला कुणी उसासा टाकत उभा असेल का, ते माझ्या मनात आलं. घरी हा कागद आला तेव्हा हृषीनं पाकीट उघडलं होतं, स्कॅन केलं होतं, चिठ्ठी लावली होती. मी वर-वर बघून फाइलला लावला होता. नीट बघितला नव्हता, कारण त्यातला शब्दन्‌शब्द खोटा होता आणि तो खोटेपणा माझा होता.

"ते काय आहे?" लिंडक्विस्टबाईंनी हात पुढे केला.

"हे..." मी म्हणाले. "हे मला द्यायचं नाहीये."

"ठीक आहे. मग तुम्हीच सांगा. कशामुळे उशीर झाला?"

आईनं मला अडवलं नव्हतं. उलट पंधरा सप्टेंबरला तिनं माझी बॅग भरून ठेवली होती. दुपारची वेळ होती, साची पाळण्यात झोपली होती आणि मी तिच्या नाकाखाली बोट धरून बसले होते. मी रोज तशी बसायचे. श्वास मोजायचे. आई दारात कधी येऊन उभी राहिली मला कळलं नाही.

"किती वेळ अशी बसणारेस?" ती म्हणाली.

"आई, मी नाही जात."

"असं कसं?"

"तिथे मी एकटी असते. सकाळी आठ ते संध्याकाळी सात. हिला काही झालं तर? माझ्या हातून हिला काही झालं तर?"

आईनं माझं बोट धरून बाजूला केलं. "इथे थांबशील तितकी भीती वाढेल. जा तू."

"पितृपक्ष आहे म्हणून सांगते सगळ्यांना. तू नको म्हणालीस म्हणून सांगते."

"आणि मला कुणी विचारलं तर?"

"हो म्हण."

तिनं साचीचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "आपल्याकडे परतीच्या प्रवासाला कुणी पितृपक्ष बघत नाही. पण कुणाला एवढं माहीत असणार आहे? सांग." आणि कुणी शंकासुद्धा घेतली नाही. सासूबाईंनी नाही, हृषीनं नाही. आईची जुनी वळणं, झालं. मी मात्र एवढ्यावर थांबले नव्हते. एकोणीस तारखेला मी दवाखान्याच्या मॅनेजर कॅरल यांना राजीनामा पाठवला होता. मी परत येणार नव्हते.

"मॅडम?" लिंडक्विस्टबाई म्हणाल्या.

मी सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, आणि परक्या भाषेत ते फार चटकन सांगून झालं. मला स्वतःच्या मुलीबरोबर एकटं राहायची भीती वाटत होती, म्हणून मी तिकीट पुढे ढकललं, तीन आठवडे मी परत यायचं नाही असं ठरवलं होतं, नोकरी सोडली होती. बोलताना माझं लक्ष त्यांच्या हाताकडे होतं. इथे असं काही बोललं तर सरकार मुलं काढून नेतं, अशा गोष्टी आमच्यात फार चालतात. त्यांचा हात टाइप करत होता.

"पण दवाखान्याचं पत्र सांगतं की तुम्ही रजेवर होता."

"कॅरलनी राजीनामा पुढे पाठवला नाही. त्या म्हणाल्या, दोन आठवडे हा मेल मला दिसलेला नाही असं मी धरते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी तो मागे घेतला."

"काय बदललं?"

याचं चांगलं उत्तर असतं तर मी दिलं असतं. "काही नाही," मी म्हणाले. "भीती होतीच. ती घेऊनच आले. आईनं दुसऱ्यांदा बॅग भरली आणि या वेळी रिक्षा बोलावून मग मला सांगितलं."

त्या पहिल्यांदाच हसल्या, पण टाइप करायचं थांबल्या नाहीत. मग त्यांनी एक छापील कागद माझ्याकडे सरकवला. निर्णय आज देता येत नाही, टपालानं कळवू. "खरं सांगितल्याबद्दल आभार," त्या म्हणाल्या. "पण मला जे लिहायचं ते लिहावं लागणार."

बाहेर हृषी एका हातात साचीचे बूट आणि दुसऱ्या हातात साची घेऊन उभा होता.

"काय म्हणाली? कागद बघितला?"

"गाडीत बोलू."

गाडीच्या काचेवर दोन बोटं बर्फ साचला होता. त्यानं इंजिन सुरू केलं, हीटर लावला आणि माझ्याकडे वळला. साची मागे डब्यातला दहीभात खात होती. मी त्याला सगळं सांगितलं. बोट, श्वास, राजीनामा. मराठीत सांगायला जास्त वेळ लागला.

वायपर बर्फाखाली अडकून आवाज करत होता, तो त्यानं बंद केला.

"पाच वर्षं मी आईंची टिंगल करतोय," तो म्हणाला.

"मीपण ऐकून घेतेय."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाला असतास, सगळ्यांचीच मुलं वाढतात, तू टेन्शन घेऊ नकोस."

त्यानं स्टिअरिंगवर हात ठेवले. "म्हणालो असतो," तो म्हणाला. "आजच सकाळी म्हणालोय."

त्यावर मी रडेन असं मला वाटलं होतं, पण साचीनं मागून विचारलं, "आईला इंजेक्शन दिलं का?" आणि आम्ही दोघं एकदम म्हणालो, "हो."

सात आठवड्यांनी पत्र आलं. अर्ज नामंजूर. वास्तव्य सलग होतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची, ती अर्जदारानं पार पाडलेली नाही. दोन परिच्छेदांत माझ्या राजीनाम्याची तारीख तीनदा आली होती. मी ते स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून वाचलं आणि इतकी चिडले, की कोणावर तेच कळेना. लिंडक्विस्टबाईंवर चिडण्यासारखं काही नव्हतं, त्यांनी मी सांगितलं तेच लिहिलं होतं. खरं बोलायला मला कुणी भाग पाडलं नव्हतं. तो कागद मी मुकाट्यानं पुढे केला असता तर कदाचित झालं असतं. आजही मला खात्री नाही. कधीकधी वाटतं, दिला असता तर काय बिघडलं असतं?

संध्याकाळी हृषी आला. मी पत्र दिलं. त्यानं ते दोनदा वाचलं, फ्रिजवर लावलं आणि म्हणाला, "अपील करायचं?"

"काय म्हणून करणार? त्यांचं चुकलेलं नाही."

"मग एक काम कर. तू जा मिरजेला. वर्षभर जायचंय तर वर्षभर जा. बाहेर राहायचा परवाना मिळतो, तो काढ म्हणजे कार्ड जाणार नाही. तुझी वर्षं शून्य झाली तर होऊ देत. अर्ज मी करतो. माझा झाला, की परत आल्यावर साचीचा होईल, आणि मग माझ्यावरून तुझा."

"तुझा पासपोर्ट?"

"काय करणार आता," तो म्हणाला, आणि या वेळी त्यानं गंमत केली नाही.

त्या रविवारी मी आईला फोन केला. आधी तिला बातमी सांगितली. मग कागद दिला नाही तेही सांगितलं. मला वाटलं ती हळवी होईल.

"दिलाच नाहीस?" आई ओरडली. "अगं, दोनदा जिना चढले! ती सही करायला मला पाऊण तास लागला! चार कागद फुकट गेले. नोटरीच्या पोरीनं सरबत आणून दिलं. आणि तू तिथे जाऊन हरिश्चंद्र झालीस?"

"आई, शपथ घेतली होती."

"मीपण घेतली होतीच की."

"म्हणूनच नाही दिला."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला, एकदा टेकून, मग पुन्हा नीट.

"हृषीकेशरावांना कळलं?"

"सगळं."

"काय म्हणाले?"

"जा म्हणाले. मी येतेय आई, साचीला घेऊन. परवाना हातात आला की तिकीट काढते. वर्षभर तरी."

"एकटी येणार पोरीला घेऊन? एवढ्या लांब?"

"हो."

"हे बघ सुखू, खरं सांग. तू येतेयस ती माझ्याकडे बघायला, का अजून तुला तिथे भीती वाटते म्हणून?"

मी खिडकीतून बाहेर बघितलं. हृषी साचीला घसरगुंडीवरून सोडत होता आणि मी नेहमीप्रमाणे श्वास रोखून उभी होते.

"दोन्ही," मी म्हणाले.

"बरं," आई म्हणाली. "मग वर्षानं काय होतंय? जास्त दिवस ये."